मास्तरांच्या गाडीतलं कूलंट जातं कुठे?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. मास्तर गॅरेजवर आले ते छत्री मिटवायच्या आधीच म्हणाले, "हेड गॅसकेट गेलं म्हणतात रे. सव्वीस हजार सांगितलेत. तू एकदा बघ, मग मी काय ते ठरवतो."

माझं गॅरेज गोव्यातल्या साखळी गावात, बाजारापासून जरा आत. मास्तर वाळपईकडचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चौथीत मला गणित त्यांनीच शिकवलं. त्यामुळे गिऱ्हाईक असूनही ते मला 'तू' म्हणतात आणि त्यांच्यासमोर मी अजून स्टुलावर बसत नाही. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९१ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या दुखण्याशी कंपनीचा संबंध फारसा नाही, ते पुढे कळेलच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती मोरजीच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली होती.

दुखणं काय, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होतं. पाच-सहा दिवसांत कूलंटची बाटली खालच्या रेघेच्या खाली. "नासत नाही, सांडत नाही, दूध आटावं तसं आटतं," हे मास्तरांचे शब्द. आधीच्या गॅरेजवाल्याने रेडिएटरची कॅप बदलली, मग सगळ्या होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, क्लिपा बदलल्या. तरी थांबेना, तेव्हा ऑइल भरायचं झाकण उघडून आतली पिवळसर साय दाखवली आणि हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलवर, शिक्कामोर्तब केलं.

मी जॉबकार्डावर माझ्या हाताने चार ओळी लिहिल्या. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं देतो.

१. कूलंट कमी होतं, पाच-सहा दिवसांत.
२. बाहेर गळती दिसत नाही.
३. चोर्ला घाटात लाल दिवा लागला. हीटर लावला. काच धुरकटली.
४. ऑइल कॅपखाली साय.

तिसऱ्या ओळीची हकीकत अशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मास्तर नातीला बेळगावला हॉस्टेलवर सोडायला निघाले. केरी सोडून घाट चढायला लागल्यावर टेम्परेचरचा लाल दिवा लागला. या गाडीला काटा नाही, थंड असताना निळा आणि जास्त तापल्यावर लाल, एवढेच दिवे. त्यांनी भाच्याला फोन लावला. भाच्याने सांगितलं, एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. सल्ला चुकीचा नव्हता. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. मास्तरांनी नॉब फिरवला आणि समोरची काच आतून धुरकटली. त्यांना वाटलं घाटातलं धुकं. जूनमध्ये चोर्ल्यात धुकं असतंच. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तासभर थांबले, बाटलीत पिण्याचं पाणी ओतलं आणि हळूहळू वर पोचले. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडली नाही, हे त्यांचं शहाणपण. त्या वाफेने हात भाजलेले दोघे माझ्याच ओळखीचे आहेत.

मी हे सगळं ऐकलं, लिहिलं, आणि पुढचे पंधरा दिवस पहिली, दुसरी आणि चौथी ओळच वाचत राहिलो.

बाटली काय सांगत होती

या गाडीची बाटली दाबाखाली नसते. दाब रेडिएटरमध्ये, आणि तो धरून ठेवायचं काम कॅपचं. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, कॅपची स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं बारीक नळीतून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की रेडिएटरमध्ये ओढ तयार होते, कॅपमधला छोटा उलटा वॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं पुन्हा आत येतं. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होऊ शकतं. उलटा वॉल्व्ह चिकटला किंवा बारीक नळीला भेग गेली तर गाडी थंड होताना हवा ओढते. गिऱ्हाईक बाटली बघून निर्धास्त असतो आणि इंजिन तापून बसतं. बाटलीकडे बघून कूलंटचा निकाल लावू नये तो यासाठी.

मास्तरांच्या गाडीत उलट होतं. थंड गाडीची कॅप उघडली तर रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, कमी व्हायची ती बाटली. म्हणजे ओढ बरोबर चालली होती, कॅप ठीक होती, नळी ठीक होती. आधीच्या गॅरेजमध्ये चांगली कॅप काढून चांगलीच कॅप बसवली गेली, एवढंच. आणखी एक गोष्ट होती. बाटलीतली पातळी कधी वर चढलेली मास्तरांनी पाहिली नव्हती, बुडबुडेही नाहीत. हेड गॅसकेट गेलं की सिलिंडरमधला गॅस बहुतेक वेळा कूलंटमध्ये घुसतो, बाटली खदखदते, भरून वाहते. इथे ती नुसती खाली जात होती. सव्वीस हजारांबद्दल मला पहिली शंका तिथे आली.

मी मास्तरांना गृहपाठ दिला. एवढ्या वर्षांनी हिशेब चुकता झाला. बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि सांगितलं, रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर, रेघेपर्यंत भरायला किती मिली लागतं ते लिहा. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण वापरा. पाणी नको, मी देतो ते तयार कूलंटच घाला. मास्तरांनी दोनशे पानी वही काढली, हजेरीपटासारखे रकाने आखले. तारीख, किलोमीटर, फेऱ्या किती, मिली किती, शेरा.

अकरा दिवसांत १९० किलोमीटर, ६१० मिली. गाडीत एकूण कूलंट साडेचार लिटरच्या घरातलं, म्हणजे ही किरकोळ गळती नव्हे. वहीतून दुसरंही एक कळलं. पणजीला जाऊन-येऊन गाडी ज्या दिवशी सर्वांत जास्त धावली, त्या दिवशी फार जास्त गेलं नव्हतं. बाजार, देऊळ, वाचनालय, परत बाजार अशा चार-पाच छोट्या फेऱ्यांच्या दिवशी मात्र त्याच्याइतकंच गेलं होतं. गाडी किती धावली यावर नव्हे, किती वेळा तापली आणि थंड झाली यावर हिशेब बसत होता. सिलिंडरमध्ये जळून जाणारं कूलंट असं वागत नाही, ते इंजिन चालण्यावर जातं. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

माझा वाया गेलेला आठवडा

गाडी पहिल्यांदा उचलली तेव्हा वॉटर बॉडीखालच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालच्या, बारीक भोकाशी हिरवट-पांढरा डाग दिसला. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. डाग पाहिला आणि मला वाटलं, झालं, सापडलं. पंप मागवायला सांगितलं. मग रात्री झोपताना वाटलं, डाग कोरडा होता. नखाने खरवडला तर पावडर निघाली होती. ताजी गळती असती तर भोवती ओलसर चिकटपणा असता, पट्ट्याने उडवलेले थेंब आजूबाजूला दिसले असते. सकाळी फोन करून पंप रद्द केला. दुकानदार काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पावसाळ्यात गाडीखाली वाकून बघणं हे तसं वाया जाणारंच काम. सगळं चेसिस भिजलेलं, चिखल उडालेला, जिथे कूलंट ठिबकलं असेल तिथलं पावसाने धुऊन नेलेलं. त्यात एसीचं पाणी. गिऱ्हाईक घाबरून येतं, "खाली तळं साचलंय," आणि ते एसीचं निघतं. फरक बोटाने कळतो. एसीचं पाणी पाण्यासारखं, चोळलं की उडून जातं. कूलंट दोन बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि तसंच राहतं. काही मिस्त्री चाखून बघतात. ते करू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं गोडीनेच ते चाटतात आणि मरतात.

गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवली, खाली पुठ्ठे पसरले. सकाळी पुठ्ठ्यावर इंजिन ऑइलचा एक ठिपका. कूलंट नाही.

मग दाब. थंड गाडीच्या रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावला आणि कॅपवर लिहिलेला ०.९ चा आकडा गाठला. त्याहून वर नेऊ नये, नाहीतर नसलेली गळती आपणच तयार करू. पंधरा मिनिटांत काटा ०.७ वर. टॉर्च घेऊन रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचे सांधे, दोन्ही मोठे होज, इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटचं घर, वॉटर बॉडी, हेडची कड असं सगळं पाहिलं. कुठे ओल नाही. कॅप वेगळी तपासली, तीही धरत होती.

दाब पडतोय आणि बाहेर थेंब नाही, तेव्हा कूलंटला जायला दोनच दारं उरतात. एक सिलिंडरमध्ये, दुसरं केबिनमध्ये. पहिल्या दाराचं नाव आधीच घेतलं गेलं होतं, म्हणून मीही आधी तेच ठोठावलं.

हेड गॅसकेटच्या बाजूने एकच पुरावा होता, ती साय. झाकणाखाली होती हे खरं. पण ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं. मास्तरांची गाडी चार-पाच किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. इतक्यात ऑइल नीट तापत नाही, आत जमलेली ओल उडत नाही, आणि वरच्या थंड झाकणाला ती ऑइलबरोबर घुसळून चिकटते. सत्तरी तालुक्याच्या पावसात अशी साय मला दर चार गाड्यांत एकीला दिसते. पणजीच्या फेरीनंतर मास्तरांकडून झाकण पुसून घेतलं होतं. तेव्हा साय निम्मी झाली होती, हे त्यांनी शेऱ्यात लिहिलंच होतं.

चारही प्लग काढले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतं तिथला प्लग वाफेने धुतल्यासारखा बाकीच्यांहून वेगळा दिसतो. इथे चारही सारखेच तपकिरी. रात्री दाब लावून ठेवला आणि सकाळी प्लगच्या भोकांवर कापड धरून इंजिन फिरवलं. एक थेंब उडाला नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चारहींचं एकमेकांपासून अर्ध्या किलोच्या आत. शेवटी निळ्या द्रवाची परीक्षा. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी ठेवायची, तिच्यात निळा द्रव, आणि चालू इंजिनच्या रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड आला तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटं ओढली. निळं ते निळंच.

"म्हणजे हेड ठीक?" मास्तरांनी विचारलं.

"हेड ठीक."

"मग जातं कुठे?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. ट्रायल मारून येतो म्हणालो.

फणसाचा वास

पाऊस धरून आला होता. साखळीहून डिचोलीच्या रस्त्याला लागलो आणि समोरची काच आतून धूसर झाली. एसी लावला. एसी हवा कोरडी करतो, साधं बाष्प असेल तर मिनिटाभरात काच साफ होते. इथे बाष्प गेलं, पण त्याखाली एक पातळ पडदा राहिला, समोरच्या गाडीचा दिवा त्यातून फाकून दिसावा असा. गाडी थांबवून काचेवरून बोट फिरवलं. बुळबुळीत.

आणि वास. गोडसर, जड. मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, गाडीत गोड वास कसला येतो?"

"फणसाचा. पावण्यांकडे दोन बरके फणस नेले होते, एक डिक्कीत फुटला. बायको रोज बोलते त्यावरून."

"कधी नेले?"

"मे महिन्यात."

मे महिन्यातला फणस जूनच्या शेवटी तसाच गोड वास देत नाही. तो एव्हाना आंबला असता आणि मास्तरीणबाईंनी गाडीच विकायला लावली असती. तेव्हा कुठे मला जॉबकार्डाची तिसरी ओळ आठवली. हीटर लावला, काच धुरकटली.

गोव्यात हीटर कोण लावतो? इतकी वर्षं या धंद्यात आहे. हीटर चालत नाही अशी तक्रार घेऊन आलेली माणसं मी बोटांवर मोजीन, आणि त्यातली बहुतेक बेळगावची निघतील. गिऱ्हाईक तो नॉब वर्षानुवर्षं निळ्यावर ठेवतो आणि मेकॅनिकही विसरतो की त्याच्या मागे काहीतरी आहे. पण आपण लावला नाही म्हणून हीटर रिकामा नसतो. या गाडीत हीटरच्या होजवर बंद करायचा वॉल्व्हच नाही. नॉब फक्त डॅशबोर्डमागच्या डब्यातला एक पडदा सरकवतो, हवा हीटरच्या जाळीतून जाऊ द्यायची की बाजूने एवढंच ठरवतो. गरम कूलंट त्या जाळीतून बारा महिने फिरत असतं, पूर्ण दाबाखाली. नॉब निळ्यावर असताना गळलेलं कूलंट गुपचूप डब्याच्या तळाशी उतरतं. घाटात मास्तरांनी नॉब लालवर नेला, हवा थेट ओल्या जाळीतून आली आणि ग्लायकॉलची वाफ काचेवर बसली. गाडीने त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.

गॅरेजवर येऊन पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट उचलली. खालचा कार्पेट ओला. आता जून-जुलैत ओला कार्पेट हा काही शोध नव्हे. छत्र्या, चपला, भिजलेली पिशवी. त्यात काचेखालच्या जाळीत पानं अडकून पावसाचं पाणी आत येणं, आणि एसीची ड्रेन नळी तुंबून आत सांडणं. तिन्हीची जागा हीच. गॅरेजमधल्या पोराने लगेच तार घेऊन एसीची नळी साफ करायला घेतली. त्याला थांबवलं.

एक जुना पांढरा बनियन कार्पेटवर दाबला. हलकी हिरवट छटा, पण मास्तरांनी आधी इतकं साधं पाणी घातलं होतं की रंगावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. त्याच बनियनचा दुसरा तुकडा नळाखाली भिजवला आणि दोन्ही शेजारी-शेजारी हॅलोजनच्या दिव्यासमोर तारेवर टांगले. गोव्यात जुलैच्या तोंडावर वाऱ्यावर काही वाळत नाही, पोरांचे गणवेशसुद्धा इस्त्रीने वाळवावे लागतात, म्हणून दिवा. चहा होईपर्यंत नळाचा तुकडा खडखडीत झाला. दुसरा तासाभरानेही तसाच लिबलिबीत, बोटाला चिकटणारा. ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही, उलट हवेतली ओल धरून ठेवतं.

खात्रीसाठी शेवटचा डाव. हीटरची जाळी आणि एसीची थंड जाळी एकाच डब्यात असतात आणि डब्याचं पाणी एकाच नळीने गाडीखाली पडतं. म्हणून एसी अजिबात न लावता रात्रभर ०.९ चा दाब ठेवला, मधे एकदा उठून परत भरला, आणि त्या नळीखाली इनॅमलचं पांढरं वाडगं ठेवलं. वाडग्यावर जाळी आणि वर दगड, कारण गॅरेजवर दोन मांजरं आहेत. एसी चाललाच नाही तेव्हा नळीतून एसीचं पाणी यायचा प्रश्न नव्हता. सकाळी वाडग्यात दोन-तीन चमचे फिकट हिरवं, बुळबुळीत पाणी.

मास्तर वाडग्यात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी रोज सकाळी वर्तमानपत्राने काच पुसत होतो."

जोडणी, वाट आणि डॅशबोर्ड

हीटरची जाळी बदलायची म्हणजे या गाडीत पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. एवढं काम सांगण्याआधी मला आणखी एक पुरावा हवा होता. बोनेटखाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याशी, हीटरला जाणारे दोन होज दिसतात. ते काढून पितळी नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडले. आता कूलंट हीटरला वळसा घालून जाणार. दाब लावला, अर्धा तास काटा ०.९ वरून हलला नाही.

इथे एक गोष्ट. दोन्ही होज बुच मारून बंद करू नयेत, जोडावेत. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंटला फिरायला हीटरची वाट हीच वाट असते. ती बंद केली तर थंड इंजिनमध्ये कूलंट जागच्या जागी राहतं, थर्मोस्टॅटपर्यंत गरम कूलंट वेळेवर पोचत नाही आणि हेड एका बाजूला तापतं. गळती थांबवायला गेलो आणि खरंच हेड गॅसकेट घालवलं, असं होऊ शकतं.

सोळा दिवस मास्तरांनी गाडी तशीच चालवली. वहीत सोळा वेळा शून्य.

आता मास्तरांनी मला अडवलं. "थांबलं ना? मग असंच राहू दे. गोव्यात हीटर हवा कशाला?" प्रश्न रास्त होता आणि पैसे त्यांचे होते. निव्वळ वाळपई ते पणजी गाडी चालवणाऱ्याला मी कदाचित हो म्हणालो असतो. बरेच मेकॅनिक तेच करून देतात आणि गाड्या चालतातही. पण मास्तर दर महिन्याला नातीला भेटायला घाट चढतात, पावसात, धुक्यात, कधी रात्री. काच साफ ठेवायला एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लागतात, एक हवा कोरडी करतो, दुसरा काच उबदार ठेवतो. वयाच्या सत्तरीत चोर्ल्याच्या वळणावर काच साफ नसणं मला पटत नव्हतं. तसं सांगितलं. मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, "कर."

डॅशबोर्ड उतरवायला एक दिवस, चढवायला एक. बॅटरीच्या वायरी सोडून थोडा वेळ थांबायचं, कारण पुढे एअरबॅग. स्क्रू मी नेहमी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवतो. शेवटी एक उरला नाही, ही या प्रकरणातली माझी एकमेव फुशारकी. डब्यातून जुनी जाळी काढली तेव्हा तिच्या खालच्या कोपऱ्याला पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. बादलीत बुडवून हवा मारली तर तिथूनच केसाएवढी बुडबुड्यांची रेघ वर आली. नंतर ग्राइंडरने जाळी उभी कापली. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, निम्म्यांत तांबूस गाळ, भिंतींना पांढरे खड्डे, टाचणीने टोचावेत तसे.

मास्तरांनी मोरजीच्या गृहस्थांना फोन केला. ते बिचारे सरळ बोलले: कूलंट महाग, घरची विहीर भरलेली, पाणीच घालायचो. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो आणि पाण्यातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला असंच खड्डे पाडून खातं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हे अडवतात. ती पातळ झाली किंवा संपली की अडवायला कोणी नसतं. गोव्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हा समज इथे घरोघर आहे. गोठण्याचा भाग आपल्याला लागत नाही, बाकीचं सगळं लागतं. उकळण्याचंही तेच. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ च्या कॅपखाली तेच ११८ च्या आसपास, आणि निम्मं ग्लायकॉल असलं तर आणखी सात-आठ अंश वर. घाटात मास्तरांच्या गाडीत दाब धरत नव्हता, पाणी भरपूर मिसळलेलं, कूलंट कमी, आणि चोर्ला आठशे मीटरच्या आसपास उंच. लाल दिवा लागला नसता तरच नवल.

नवी जाळी बसवल्यावर डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा धुतलं, चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मग तयार कूलंट. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी यांना सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नाही, डब्यावर काय लिहिलंय ते गाडीच्या पुस्तकाशी जुळवा आणि दोन जाती एकत्र करू नका. हवा काढताना नॉब लालवर, कॅप उघडी, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. डॅशबोर्डच्या छिद्रांतून गरम हवा आली म्हणजे हीटरमध्ये कूलंट पोचलं. थंडच आली तर आत हवा अडकली आहे.

कार्पेट हे वेगळंच प्रकरण झालं. खालच्या फोममध्ये ग्लायकॉल मुरलेलं. कोमट पाण्याने पाच वेळा धुतलं तेव्हा बुळबुळ गेली. वाळवायचं कुठे? शेजारच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, भट्टीच्या मागच्या भिंतीला बाहेरून टांगू दिलं. तीन दिवसांनी परत आणलं तेव्हा कार्पेटला उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, वास होता. मास्तरीणबाईंना तो चालला.

एकूण बिल ११,४०० रुपये झालं, त्यात पार्ट ४,२००. वॉटर बॉडी रद्द केल्याचा दुकानदाराचा राग त्यात धरलेला नाही.

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी मास्तर बाजार करायला बेळगावला गेले. येताना साखळीला थांबले, बोनेट उघडून बाटली दाखवली. रेघ जिथल्या तिथे. मग वही पुढे केली. शेवटची नोंद घाटातली होती, शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: "धुकं दाट. हीटर लावला. गरम हवा आली. काच साफ. वास नाही."